सर्वांत हळू गाडीला मार्ग ठरवू द्या: पुणे, वाई, महाबळेश्वर, सातारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या क्लबची पहिलीच मुक्कामी सहल ठरते आहे. गाड्या चौदा. सर्वांत जुनी १९३० ची फोर्ड मॉडेल ए, सर्वांत नवी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. मधल्या काळातली एक शेवरोले, दोन मॉरिस मायनर, लँडमास्टर, अँबेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड, बीटल, विलिस जीप आणि चार फियाट. बेत तीन दिवसांचा आहे: पहिल्या दिवशी पुण्याहून थेट महाबळेश्वर, दुसरा दिवस तिथेच, तिसऱ्या दिवशी मेढा-साताऱ्यावरून पुण्याला परत. एक मिस्तरी बरोबर घेतला तर पुरेल का, सगळ्यांनी रांगेनं जायचं का, आणि घरच्यांना न्यायचं का, असं विचारलं आहे.

मी एकतीस वर्षं या गाड्या दुरुस्त करतो आहे. त्यातली एकोणीस वर्षं अशा सहलींमध्ये शेवटच्या गाडीत बसून गेलो आहे. त्या जागेवरून जे दिसतं ते सांगतो.

आधी बेत बदला. पहिल्या दिवशी महाबळेश्वर गाठू नका, वाईला मुक्काम करा.

कारण साधं आहे. सकाळी सहाला कात्रजहून निघालात तरी चहा, नाश्ता आणि दोन-तीन गाड्यांची किरकोळ कुरकुर धरून खंबाटकीच्या पायथ्याशी नऊ-साडेनऊ होतात. घाट चढून, सुरूर फाट्याला वळून वाईत पोचेपर्यंत अकरा वाजून जातात. तिथून पसरणीचा घाट लागला तर भर दुपार. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटरच, पण तेवढ्यात गाडी जवळजवळ ६०० मीटर वर चढते. पाच तास तापलेलं इंजिन, डोक्यावर ऊन, पाठीमागे हॉर्न वाजवणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या. अशा वेळी चौदातल्या तीन तरी गाड्या उभ्या राहतात. त्याच गाड्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, थंड हवेत, रात्रभर विसावलेल्या इंजिनावर तोच घाट एका दमात चढतात. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की यावर मी वाद घालत नाही, अट घालतो.

वाईची दुपार वायाही जात नाही. कृष्णेचे घाट आहेत, ढोल्या गणपती आहे. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि नदीकाठी वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली पोर्तुगीज घंटा आहे. गाड्या सावलीत लावून माणसांनी पायी फिरावं.

दुसरा बदल शेवटच्या दिवसाचा. महाबळेश्वर ते सातारा केळघर घाटानं पंचावन्न-साठ किलोमीटर, आणि साताऱ्याहून पुणे एकशे दहाच्या आसपास. एवढं एका दिवसात आधुनिक गाडीला काहीच नाही. पण सकाळी लांबलचक उतार उतरून ब्रेक भाजलेले असताना, दुपारी महामार्गावर ट्रकांच्या मध्ये फोर्ड आणि मायनर ताशी पंचेचाळीसनं नेणं म्हणजे चालवणाऱ्याचे खांदे आणि लक्ष दोन्ही थकवणं. बहुतेक अपघात सहलीच्या शेवटच्या दुपारी होतात, कारण तेव्हा प्रत्येकाला घर दिसायला लागलेलं असतं. साताऱ्याला एक रात्र काढा. चौथा दिवस मिळत नसेल, तर फोर्ड आणि दोन्ही मायनर साताऱ्याहून फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी लादून नेणाऱ्या ट्रकवर, चढवून आणा. त्यात कमीपणा नाही.

आता रांगेचं.

रांग करू नका. चौदा जुन्या गाड्या एकमेकींच्या बंपरला चिकटून निघाल्या की फोटो छान येतो, पण मागच्या वाहनांना पुढे जायला फट मिळत नाही. मग कुणीतरी चिडून चौदांच्या चौदा एकदम ओलांडायला बघतो, आणि समोरून एसटी येते. दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं सोडा. सर्वांत हळू गाडी सर्वांत आधी. म्हणजे फोर्ड सहाला, मायनर त्यानंतर, आणि अँबेसेडर, फियाट शेवटी. असं केलं की सगळ्या गाड्या थांब्यावर साधारण एकाच वेळी पोचतात. फोर्डचा मालक धापा टाकत सर्वांच्या शेवटी येत नाही आणि त्याचा चहा गार होत नाही.

हे मी अनुभवानं शिकलो. सुरुवातीच्या एका सहलीत आम्ही उलटं केलं होतं. वेगवान गाड्या पुढे, जुन्या मागे, आणि शेवटची गाडी ठरवलेलीच नव्हती. सर्वांत मागे एक मॉरिस मायनर होती. चालवणारे काका सत्तरीचे, शेजारी काकू. पसरणीच्या दुसऱ्या वळणाआधी त्यांच्या डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा, कंडेन्सर गेला. दीडशे-दोनशे रुपयांचा भाग, आणि बसवायला दहा मिनिटं. पण त्यांच्याकडे तो नव्हता, फोनला रेंज नव्हती, आणि आम्ही पुढे निघून गेलो होतो. पाचगणीत जेवणाची पानं मांडली तेव्हा दोन पानं जास्त झाली आणि आमच्या लक्षात आलं. मी खाली पोचलो तोवर तीन तास झाले होते. काकू कठड्यावर पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. काका एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी ती गाडी कुठल्याच सहलीला आणली नाही. ती तीन तासांची वाट आजही माझ्या मनातून गेलेली नाही, आणि पुढचे सगळे नियम मी तिथूनच बांधले.

पहिला नियम: एक गाडी कायम शेवटी, आणि ती आधुनिक, मोठी, रिकामी. तिच्यात मिस्तरी, सुटे भाग, पाणी आणि तीन रिकाम्या जागा. ती कुठल्याही जुन्या गाडीला ओलांडून पुढे जात नाही, कितीही भूक लागली तरी. दुसरा: प्रत्येक फाट्यावर पुढच्या गाडीनं थांबायचं आणि मागची आरशात दिसल्यावरच वळायचं. खंबाटकी उतरल्यावर सुरूरचा फाटा चुकून सरळ साताऱ्याकडे गेलेल्या गाड्या मी परत आणल्या आहेत. तिसरा: फोनवर विसंबू नका. घाटात रेंज येते-जाते. प्रत्येकाच्या हातात छापील कागद द्या, त्यावर फाटे, त्यांमधलं अंतर, थांबे आणि शेवटच्या गाडीचा नंबर. जुन्या गाड्यांचे किलोमीटरचे काटे चुकतात, म्हणून अंतराच्या जोडीला खूणही लिहा: मंदिर, पूल, पेट्रोल पंप.

खंबाटकीबद्दल थोडं. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा असतो, आणि येताना बोगद्यातून यायचं असतं. नव्या बोगद्यांच्या कामामुळे तिथली व्यवस्था बदलत असते, म्हणून सहलीच्या आधीच्या आठवड्यात तुमच्यापैकी दोघांनी साध्या गाडीनं सगळा मार्ग एकदा फिरून या. चढताना खरी कसोटी असते इंजिन तापण्याची आणि पेट्रोल उडण्याची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

तापणं म्हणजे पाण्याचं. रेडिएटरच्या नळ्या आतून गाळानं भरलेल्या असल्या, फॅनबेल्ट ढिला असला, किंवा टायमिंग मागे पडलेलं असलं की काटा वर चढतो. टायमिंगचं फार जणांना माहीत नसतं. ठिणगी उशिरा पडली की जळण उशिरा होतं आणि उष्णता सिलिंडरात काम करण्याऐवजी एक्झॉस्टच्या वाटेनं इंजिनाच्या हेडमध्ये शिरते. फोर्ड मॉडेल ए मध्ये तर ही ठिणगी मागेपुढे करायची दांडी स्टेअरिंगजवळच असते. चढावर इंजिन ठोकायला लागलं तर ती थोडी मागे घ्यायची हे बरोबर, पण घाट संपल्यावर पुन्हा पुढे करायला विसरलात तर पुढच्या पाच किलोमीटरमध्ये पाणी उकळतं. फोर्डच्या मालकाला हे ठाऊक असेलच, पण शेजारी बसणाऱ्यालाही सांगून ठेवा.

पेट्रोल उडणं म्हणजे नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होणं. पंप वाफ ओढू शकत नाही. गाडी अडखळते, दोन झटके देते आणि बंद पडते, पण पाण्याचा काटा जागेवरच असतो. फियाट ११०० आणि पद्मिनीमध्ये पंप इंजिनाला चिकटून असल्यामुळे हा त्रास जुनाच आहे. म्हणून तर मुंबईचे टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे. तो उपाय आजही चालतो. प्रत्येक फियाटमध्ये एक सुती फडकं आणि पाण्याची बाटली हाताशी हवी. फोर्ड मॉडेल ए ला मात्र हा आजारच नाही, कारण तिची टाकी काचेच्या खाली, पुढे आहे आणि पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. तिला पंपच नाही. चौदांतली सर्वांत म्हातारी गाडी याच कारणानं कित्येकदा घाट सर्वांत निवांत चढते. बीटलला रेडिएटर नाही म्हणून तिच्या मालकानं निर्धास्त राहू नये. तिचा थंड करणारा पंखा डायनामोच्या पट्ट्यावर फिरतो. चार्जिंगचा लाल दिवा लागला की जागच्या जागी थांबायचं. पट्टा तुटलेला असेल तर आणखी अर्धा किलोमीटरही इंजिनाच्या जिवावर उठू शकतो.

अलीकडे या सगळ्यात इथेनॉलची भर पडली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरला याची कल्पना नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे पेट्रोल सोडणारं जेट (बारीक भोक) तेच असताना मिश्रण पातळ होतं आणि गाडी जरा गरम चालते. जुन्या रबरी नळ्या फुगतात, मग भेगाळतात. पंपाचा डायफ्राम कडक होतो. टाकीच्या तळाला तीस वर्षं चिकटलेली पिवळी लाख सुटून फिल्टरमध्ये येते. आणि गाडी दोन महिने उभी राहिली की इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून सहलीच्या निदान महिनाभर आधी सर्वांच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवून घ्या, पंपाला नवा डायफ्राम घाला, नळीत आरपार दिसणारा छोटा फिल्टर लावा आणि गाडी दोनशे किलोमीटर चालवा. जे सुटायचं ते पुण्यातच सुटू द्या. नळ्या बदलल्या की क्लिपाही नव्या घाला. गरम इंजिनावर ठिबकणारं पेट्रोल ही एकच गोष्ट आहे जिला मी खरोखर घाबरतो. प्रत्येक गाडीत, चालवणाऱ्याच्या हाताला लागेल असं, अग्निशामक नळकांडं हवंच. डिकीत ठेवलेलं उपयोगाचं नाही.

चढताना दुसऱ्या गिअरमध्ये ताशी पंचवीस-तीसनं इंजिन मोकळं फिरू द्या. तिसऱ्यात कुंथवू नका. फियाट आणि जुन्या अँबेसेडरच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी जोडणी, नाही. तीव्र वळणावर पहिला टाकायची वेळ आलीच तर डबल क्लच (मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबणं) करता आला पाहिजे. ज्यांना येत नसेल त्यांनी आधीच्या रविवारी मोकळ्या रस्त्यावर सराव करावा. वर हवा विरळ असते, महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरवर इंजिनाची साधारण दहाव्या हिश्श्याहून थोडी जास्त ताकद कमी होते. त्यामुळे वेण्णा तलावाजवळ गाडी जरा सुस्त वाटली तर कार्ब्युरेटरशी खेळत बसू नका, खाली उतरलं की ती पूर्ववत होते. पाणी उकळलं तर झाकण उघडू नका. बोनेट उघडा, वीस मिनिटं थांबा, मग इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी घाला. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी ओतून तडा गेलेली हेडं माझ्या गॅरेजात पडून आहेत, आणि त्यांतल्या काहींना जोडीदार आता मिळत नाही.

थांबल्यावर चाकाखाली लाकडी ठोकळा लावा, हँडब्रेकवर विश्वास नको. आणि ठोकळा नसल्यामुळे दगड लावला असेल तर निघताना तो उचलून कडेला टाका. घाटात सोडलेल्या दगडावर रात्री एखादा दुचाकीवाला पडतो.

चढण्याबद्दल सगळे विचारतात. उतरण्याबद्दल कुणी विचारत नाही, तुम्हीही विचारलेलं नाही, आणि माझ्या मते या सहलीतली सर्वांत मोठी जोखीम तिसऱ्या दिवसाचा केळघर घाट आहे.

हिशेब करून बघा. माणसांसकट अकराशे किलोची फियाट ६०० मीटर खाली उतरते तेव्हा जी शक्ती कुठेतरी जायला हवी, तिच्यावर वीस लिटर पाणी जवळपास उकळीला येईल. ही सगळी उष्णता चाकांतल्या चार ब्रेक-ड्रमनी आणि त्यांना आतून घासणाऱ्या लायनरनी पचवायची असते. डिस्क ब्रेक उघड्या हवेत असतात, ड्रम बंद डब्यासारखे. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, लायनर गुळगुळीत होतो, आणि पेडल घट्ट लागत असूनही गाडी थांबत नाही. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी वाईट. ते हवेतला ओलावा शोषतं, तो ओलावा तापून त्याची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. लायनर जळाल्याचा वास आला म्हणजे उशीर झाला असं समजा.

एका सहलीत केळघरच्या मध्यावर मला पुढच्या लँडमास्टरमधून तो वास आला. चालवणारा तरुण होता, गाडी आजोबांची. पेट्रोल वाचेल म्हणून तो न्यूट्रलमध्ये उतरत होता. हॉर्न वाजवून, हात दाखवून त्याला कडेला घेतलं. पुढच्या ड्रमवर पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत उडाला. अर्धा तास आम्ही तिथे बसलो. त्याच्या आजोबांनी तीच गाडी वर्षानुवर्षं याच घाटांतून चालवली होती, पण गिअरमध्ये उतरायचं असतं हे नातवाला सांगायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून मी आता निघण्याआधी सर्वांना उभं करून हे बोलतो, अनुभवी माणसांसमोरही: ज्या गिअरमध्ये हा घाट चढलात असता त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाका, मध्ये नाही. न्यूट्रल कधीच नाही, इंजिन बंद करणं तर नाहीच नाही. ब्रेक सतत घासत ठेवू नका. एकदा नीट दाबून वेग खाली आणा, मग पूर्ण सोडा, ड्रमला श्वास घेऊ द्या. घाटाच्या मध्ये ठरवून एक दहा मिनिटांचा थांबा ठेवा, गरज वाटो न वाटो. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं असतं, हेही आजच्या चालकांना आठवण करून द्यावं लागतं.

फोर्डचे ब्रेक तर नुसत्या सळ्यांचे आहेत, त्यांत तेलच नाही. ते तेलाअभावी दगा देत नाहीत, पण चारही चाकांना सारखे लागण्यासाठी बारकाईनं जुळवावे लागतात. पुण्यात एका सरळ, रिकाम्या रस्त्यावर ब्रेक दाबून गाडी कुठल्या बाजूला ओढते ते बघा. ओढत असेल तर ती सहलीला येणार नाही, असं आधीच सांगून ठेवा. बाकी सर्वांचं ब्रेक ऑइल नवं भरा, मागच्या वर्षी भरलं असेल तरी. व्हील सिलिंडरचे रबर उघडून बघा. टायरवर खाच कितीही खोल दिसली तरी त्याचं वय वाचा. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. या गाड्या कमी चालतात, म्हणून टायर झिजत नाहीत, वाळतात.

विजेचं. तुमच्या फोर्डची आणि शेवरोलेची बॅटरी सहा व्होल्टची असेल, बाकीच्या बहुतेकांची बारा. शिवाय फोर्ड आणि जुन्या इंग्लिश गाड्यांमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या सवयीच्या उलट. मदतीच्या उत्साहात कुणी आधुनिक गाडीच्या केबल लावल्या तर वायरिंग जळतं, कधी बॅटरी फुटते. प्रत्येक गाडीच्या बॅटरीजवळ मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा: किती व्होल्ट, आणि बॉडीला कुठलं टोक. शक्य तिथे धक्का मारूनच चालू करा, चौदा गाड्यांची माणसं असताना हात कमी पडत नाहीत. सहा व्होल्टच्या दिव्यांचा उजेड पिवळसर आणि अपुरा असतो. परतताना बोगद्यात मागून ट्रक येतो तेव्हा आपला मागचा दिवा त्याला दिसेलच असं नाही. त्या गाड्यांच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावा, बोगद्यात शेवटची गाडी फोर्डच्या अगदी मागे, चारही दिवे लुकलुकत ठेवून चालवा. बोगद्यातून बाहेर पडल्यावरच्या उताराच्या वळणांवर घाई नको. अंधार पडायच्या आत मुक्काम, हे चारही दिवस पाळा.

मिस्तरी एक पुरतो का? हात एकाचे पुरतात, जर मालकांनी आपापले भाग आणले असतील तर. माझ्याकडे फियाटचा कंडेन्सर असेल, बीटलचा पट्टा असेलच असं नाही. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, प्लग, फॅनबेल्ट, वरची-खालची होज, एक ट्यूब, फ्यूज, लिटरभर ऑइल आणि दहा लिटर पाणी, एवढं प्रत्येकानं आपल्या गाडीच्या मापाचं आणावं. स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक त्या गाडीला खरंच बसतो का, हे घरी करून बघावं. सुटे भाग नवे आहेत म्हणून चांगले आहेत असं समजू नका. हल्लीचे काही कंडेन्सर डबीतून काढल्यापासून शंभर किलोमीटरही टिकत नाहीत. नवा बसवून आठवडाभर चालवा, तो चांगला निघाला की काढून जपून ठेवा. राखीव भाग हा असा पारखलेला असावा.

दुरुस्तीला अर्ध्या तासाची मर्यादा घाला. अर्ध्या तासात सुटलं नाही तर गाडी फ्लॅटबेडवर, माणसं शेवटच्या गाडीत. फ्लॅटबेडवाल्याशी आधीच बोलून ठेवा, साताऱ्याचा एक आणि पुण्याचा एक. रस्त्यात इंजिन उघडायचा मोह मिस्तरीला जास्त होतो, हे मी स्वतःबद्दलही सांगतो. तेरा गाड्या उन्हात थांबवून एका गाडीचं हेड काढणं हे बाकीच्यांवर अन्याय करणारं आहे.

मुक्कामाची जागा निवडताना खोल्यांच्या आधी अंगण बघा. सपाट, बंदिस्त, रात्री राखण असलेलं. प्रत्येक गाडीखाली रात्री एक पांढरट पुठ्ठा सरकवा. हॉटेलवाल्याची फरशी खराब होत नाही हा एक भाग झाला, पण खरा उपयोग सकाळी असतो. पुठ्ठा वाचता येतो. काळा डाग नेहमीच्याच जागी नेहमीएवढा असेल तर काळजी नाही. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला नवा ओला डाग दिसला तर ब्रेक ऑइल असू शकतं, आणि ती गाडी बघितल्याशिवाय निघत नाही. पुढे हिरवट किंवा गंजट पाणी म्हणजे होज किंवा पाण्याचा पंप. मी रोज पहाटे टॉर्च घेऊन चौदा पुठ्ठे बघतो, त्याला पंधरा मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांनी किती गाड्या वाचल्या ते मोजलेलं नाही, पण बऱ्याच.

आणखी एक विनंती. वाईला किंवा साताऱ्याला एका संध्याकाळी तिथल्या जुन्या मिस्तरींना चहाला बोलवा. ज्यांनी अँबेसेडर, फियाट आणि जीप रोजच्या धंद्यात दुरुस्त केल्या अशी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. बोनेट उघडलं की त्यांचे हात आपोआप जातात. एकदा एका आजोबांनी इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तिसऱ्या सिलिंडरची टॅपेट जास्त उघडी आहे असं सांगितलं, आणि ती होती. ही माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घ्यायला हवं, पुस्तकात हे मिळत नाही.

कागदपत्रांचं लवकर उरकतो. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीची फी वीस हजार आणि मुदत दहा वर्षं. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. तुमच्यापैकी ज्यांनी ती घेतली आहे त्यांनी क्लबचं तारखा आणि मार्ग लिहिलेलं पत्र जवळ ठेवावं. १९७८ ची पद्मिनी २०२८ पर्यंत त्यात बसत नाही, तिची नेहमीची फेरनोंदणी, विमा आणि पीयूसी चालू हवं. फास्टॅग सर्वांचे आदल्या दिवशी तपासा. टोलनाक्यावर रांगेत घुरघुरत उभी राहिलेली जुनी गाडी घाटाइतकीच तापते. तारखा डिसेंबर ते फेब्रुवारीमधल्या, आणि शनिवार-रविवार महाबळेश्वरात येणार नाहीत अशा निवडा. सोमवारी निघून गुरुवारी परत या.

घरच्यांना न्या, जरूर न्या. फक्त शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला काम द्या. मार्गाचा कागद वाचणं, पाण्याच्या काट्यावर लक्ष ठेवणं, ज्या गाड्यांना धड इंडिकेटर नाहीत तिथे डावीकडून हात दाखवणं, थांबल्यावर उतरून चाकाला ठोकळा लावणं. आमच्याकडे ही कामं बहुतेक घरातल्या बायका आणि मुलं करतात, आणि काटा वर सरकल्याचं चालवणाऱ्याच्या आधी त्यांच्याच लक्षात येतं. आजी-आजोबांना घाटाच्या दोन टप्प्यांत, म्हणजे पसरणी चढताना आणि केळघर उतरताना, शेवटच्या गाडीत बसवा. बाकीच्या सपाट रस्त्यावर त्यांना त्यांच्याच गाडीत पुढे बसू द्या. त्या तीन रिकाम्या जागांपैकी दोन त्यांच्या, तिसरी बंद पडणाऱ्या गाडीच्या मालकासाठी.